सूत्र पुस्तकात आहे, ते शोधणारी बाई कुठेच नाही: कॅरन स्पार्क जोन्सबद्दल कोणी सांगेल का?

तळ्याकाठची

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या शिरोड्याची, एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या वाड्यावर देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांना उतरायच्या इमारतीत, एक छोटं वाचनालय चालतं. महिन्यातल्या एका रविवारी तिथे मुलांसाठी काहीतरी करतो. सातवी ते नववीची पंचवीसेक मुलं येतात, सगळी मराठी वाचणारी. पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. संगणकाच्या क्षेत्रात मोठं काम केलेल्या एखाद्या बाईविषयी मी बोलावं, असं ठरलंय.

एडा लव्हलेस आणि ग्रेस हॉपर मागच्या वर्षी सांगून झाल्या. मला कॅरन स्पार्क जोन्सबद्दल सांगायचंय. आम्हाला अभ्यासात शोधयंत्रांचं एक सूत्र आहे, टीएफ-आयडीएफ, शोधताना कुठल्या शब्दाला किती वजन द्यायचं ते ठरवणारं. त्यातलं आयडीएफ तिचं, एवढं सर एका वाक्यात म्हणाले आणि गणितं सोडवायला लागले. पुस्तकात तिचं नावही नाही. मी सूत्र पाठ केलं, परीक्षेत दहापैकी दहा मिळवले, आणि घरी येताना बसमध्ये वाटलं की ही बाई कोण होती ते आपल्याला काडीचंही माहीत नाही.

तर तिच्या आयुष्याबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया लिहा. दुसरी अडचण अशी की अग्रशाळेत प्रोजेक्टर नाही आणि दुपारी वीज जाते. सातवीच्या मुलांना लॉगॅरिदम येत नाही. हातांनी करून दाखवता येईल असं काही सुचवाल का?

रातपाळी_वेर्णे

छान विषय घेतलास. मी वेर्ण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे, संगणकाच्या पडद्यावर वस्तू शोधायच्या खिडकीचंच काम करतो, म्हणजे या बाईच्या कल्पनेवर माझा पगार चालतो. 1972 सालचा लेख आहे तिचा. जो शब्द थोड्याच कागदांत येतो तो शोधताना जास्त मोलाचा, ही आयडीएफची मूळ गोष्ट. आज जगातल्या बहुतेक शोधयंत्रांत ती कुठल्या ना कुठल्या रूपात आहे.

पोस्टरवर 'गूगलची आई' असं लिही. मुलं नक्की येतील.

कार्डकपाट

तळ्याकाठची, तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागेपर्यंत तोच डोक्यात होता. मी फोंड्याजवळच्या एका ग्रंथालयात 31 वर्षं काम केलं, 2014 साली निवृत्त झाले. कॅरन स्पार्क जोन्स हे नाव मला 2006 साली कळलं. तेव्हा ती हयात होती. तिला एक पत्र लिहावं असं फार मनात होतं. आज लिहू, उद्या लिहू करताना पुढच्या वर्षी 4 एप्रिलला ती गेल्याचं कळलं. ते पत्र राहिलं ते राहिलंच. म्हणून इथे जरा लांब लिहिते.

आधी ते 2006 सालचं सांगते, कारण तुझ्या मुलांना ते तिच्या जन्मतारखेपेक्षा लवकर समजेल.

आमच्याकडे जुन्या मराठी दैनिकांतली गोव्याविषयीची कात्रणं होती, साडेतीन हजारांच्या आसपास. त्यांची सूची संगणकावर चढवायची ठरलं. प्रत्येक कात्रणाचा मथळा आणि दोन ओळींचा गोषवारा मी स्वतः टाइप केला. काम पुरं झालं आणि आठवड्याभरात दुर्भाटचा एक शेतकरी आला. त्यांच्या खाजनाचा बांध खचला होता आणि मानशीची दारं कुजली होती. खाजन म्हणजे काय हे शिरोड्याच्या मुलांना सांगायला नको. बाहेरचे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: नदीच्या खाऱ्या पाण्याला मातीच्या बांधाने अडवून केलेली शेतजमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातली लाकडी दारांची पाणवाट. भरतीचं पाणी दारं आपोआप लोटून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती उघडून बाहेर पडतं. दार कुजलं की खारं पाणी थेट कोरगुटाच्या, म्हणजे खाजनातल्या भाताच्या, शेतात. तर पूर्वी एकदा अशीच मानस दुरुस्त झाली होती आणि खर्च कोणी केला ते पेपरात आलं होतं, असं त्या माणसाला आठवत होतं. ते कात्रण त्याला हवं होतं.

मी यंत्रात चार शब्द लिहिले: गोवा, शेती, खाजन, मानस. यंत्राने चारशेवर कात्रणं समोर आणून टाकली. किती शब्द जुळले एवढंच ते मोजत होतं. ज्यात 'गोवा' आणि 'शेती' आहे त्याला दोन गुण, ज्यात 'खाजन' आणि 'मानस' आहे त्यालाही दोनच. पहिली कितीतरी पानं काजूचे भाव, बियाण्यांची सबसिडी, शेतकरी मेळावे यांनी भरलेली. आणि 'मानस' होतं तिथे काय होतं? 'रस्ता रुंद करण्याचा सरकारचा मानस.' 'नवे विद्यालय उभारण्याचा मानस व्यक्त केला.' आपल्या वर्तमानपत्रांना हा शब्द किती प्रिय आहे ते मला त्या दिवशी कळलं. तो माणूस दोन तास बाकावर बसला, मग शेवटची बस चुकेल म्हणून गेला.

तो गेल्यावर मी आमचं जुनं कार्डांचं कपाट उघडलं. 'ख'चा खण ओढला. 'खाजन – मानस' या मथळ्याखाली चार कार्डं होती, माझ्याच हस्ताक्षरातली. तिसऱ्या कार्डावर त्याची बातमी. शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मी दुसऱ्या दिवशी त्याला पोस्टकार्ड टाकलं आणि तो येऊन कात्रणाची प्रत घेऊन गेला. पण माझ्या मनात ते घर करून राहिलं. मला जे हाताला कळत होतं ते यंत्राला का कळू नये?

आमच्याकडे पुस्तकं न्यायला येणारे एक अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, बाई, तुमचा हा प्रश्न एका बाईने 1972 सालीच सोडवून ठेवलाय. दोन दिवसांनी त्यांनी तो अकरा पानांचा लेख छापून आणून दिला. माझं इंग्रजी बेताचं, पण तो लेख मला कळला, कारण तो सूचीकाराच्याच प्रश्नापासून सुरू होतो: एखाद्या कागदाला किती शब्दांनी ओळखावं, आणि कुठला शब्द किती नेमका? तोवर शब्दाचा नेमकेपणा त्याच्या अर्थात आहे असं धरत. 'पेय'पेक्षा 'चहा' नेमका, कारण चहा हा पेयाचा एक प्रकार. कॅरन म्हणाली, अर्थ बाजूला ठेवा, वापर मोजा. तुमच्या संग्रहात 'चहा' सगळीकडे असेल तर तो नेमका उरत नाही. नेमकेपणा शब्दाच्या पोटात नसतो, तो त्या संग्रहात ठरतो. माझ्या कात्रणांत 'गोवा' हा शब्द असून नसल्यासारखा होता. तोच शब्द आसाममधल्या एखाद्या ग्रंथालयात सोन्याच्या मोलाचा ठरेल.

ग्रंथालयशास्त्र शिकताना आम्ही रंगनाथन वाचले, आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक. ज्ञानाचे तुकडे पाडून, त्यांना खुणा देऊन, प्रत्येक पुस्तकाला नेमकी जागा द्यायची ही त्यांची तपश्चर्या. माणसाने आधी विचार करून चौकट बांधायची. कॅरनच्या लेखात चौकट नाहीच, नुसती मोजणी. रंगनाथन वारले तेही 1972 साली, सप्टेंबरात. एका वर्षातल्या या दोन गोष्टी मी पूर्वी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. दोघांपैकी एक खरं असं मला वाटत नाही. माझं कार्डांचं कपाट रंगनाथनांच्या बाजूचं होतं आणि त्यानेच त्या दिवशी शेतकऱ्याचं काम केलं. पण कपाट भरायला माझी 23 वर्षं गेली होती, आणि तिची रीत रात्रीतून लाखो कागदांना लावता येते.

आता तिचं आयुष्य. जन्म 26 ऑगस्ट 1935, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या हडर्सफील्डला. वडील ओवेन जोन्स रसायनशास्त्र शिकवायचे. आई इडा स्पार्क, नॉर्वेची. म्हणून नावात 'स्पार्क'. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात ती 1953 ते 1956 इतिहास शिकली आणि पुढे एक वर्ष तत्त्वज्ञान. हे मुलांना सांगच. 'मला गणित जमत नाही, म्हणजे संगणक माझ्यासाठी नाही' असं म्हणणाऱ्या मुली तुझ्यासमोर बसलेल्या असतील. मग थोडे दिवस तिने शाळेत शिकवलं.

त्या वेळी केंब्रिजमध्ये मार्गारेट मास्टरमन नावाची एक विलक्षण बाई होती, तत्त्वज्ञ विटगेनस्टाइनची विद्यार्थिनी. तिने भाषेवर संशोधन करणारी एक छोटी संस्था काढली होती. संस्था विद्यापीठाच्या बाहेरची, अनुदान मिळेल तशी चालणारी. जागा म्हणजे पूर्वीचं एक लहानसं संग्रहालय, भिंतींत बौद्ध शिल्पं बसवलेली. तिथे काही मंडळी यंत्राला भाषांतर कसं शिकवावं यावर डोकं लढवत असत, तेही यंत्रं दुर्मीळ असताना, पंच कार्डं, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवलेली कार्डं, चाळून आणि लावून. कॅरन तिथे रुजू झाली. तिथेच काम करणाऱ्या रॉजर नीडमशी 1958 साली तिचं लग्न झालं. दोघांनी केंब्रिजजवळ स्वतःच्या हातांनी घर बांधलं, आणि त्यांच्याकडे एक फार जुनी शिडाची होडी होती. हे मला का आवडतं ते सांगता येत नाही, पण आवडतं. लग्नानंतर तिने आपलं आडनाव बदललं नाही. त्या काळी तिथेही ते सर्रास नव्हतं.

1964 साली तिचा प्रबंध झाला, समानार्थी शब्दांवर. इथे तू थांब आणि मुलांना 'पाट' हा शब्द दे. जेवायला बसायचा पाट. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाणी नेणारा पाट. जुन्या काळी विधवेचा लावायचा तो पाट. शब्द एक, आणि यंत्राला कसं कळावं कुठला? कॅरनचं म्हणणं असं: वाक्यात एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवून अर्थ बदलत नसेल, तर त्या जागेपुरते ते दोन शब्द एका ओळीतले. अशा शेकडो ओळी करा. 'पाट, कालवा' ही एक ओळ. 'पाट, आसन' ही दुसरी. मग कुठल्या ओळींत सामाईक शब्द आहेत ते यंत्राला पाहू द्या. ज्या ओळी एकमेकींत गुंतलेल्या, त्यांचा एक गट. अर्थ कोणी सांगायचा नाही, तो शेजाऱ्यांवरून निघू द्यायचा. माझ्या 'मानस'चं दुखणं ती 1964 सालीच ओळखून बसली होती. हा प्रबंध पुस्तक म्हणून छापला गेला 1986 साली. बावीस वर्षं.

आणि आता जे मला सगळ्यात जवळचं वाटतं ते. 1974 पासून ती केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत होती, पण हंगामी. एका प्रकल्पाचे पैसे संपले की दुसऱ्याचा अर्ज. नव्वदच्या दशकापर्यंत हे असंच. तिचा नवरा 1980 पासून त्याच प्रयोगशाळेचा प्रमुख होता, आणि तिच्या कल्पनेवर जगभर लोक काम करत होते. प्राध्यापक हे पद तिला मिळालं 1999 साली, साठी उलटल्यावर. 2002 साली ती निवृत्त झाली.

मी 1983 साली लागले तेव्हा कार्डं टाइप करायला हंगामी म्हणून लागले. सहा महिन्यांचा आदेश, एक दिवसाचा खंड, पुन्हा सहा महिन्यांचा आदेश. असं अकरा वर्षं चाललं. खंडाच्या दिवशी घरी बसायचं, पण मी डबा घेऊन जायचे आणि वाचकांच्या बाकावर बसून कार्डं लावायचे, कारण अर्धवट खण मला बघवत नसे. कॅरनच्या अर्जांविषयी वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ उभी राहिले. तिची माझी बरोबरी नाही, हे मला ठाऊक आहे. पण दर काही महिन्यांनी आपण उद्या इथे असू की नाही हे माहीत नसताना आजचं काम नीट करायचं, हे मला ठाऊक आहे, आणि तिने ते तीस वर्षं केलं.

तिचं एक वाक्य प्रसिद्ध आहे: संगणकाचं काम इतकं महत्त्वाचं आहे की ते पुरुषांवर सोडून चालणार नाही. फळ्यावर लिही.

पोस्टरवर 'गूगलची आई' मात्र कृपा करून लिहू नको. गूगल 1998 सालचं. त्याच्या आधी चाळीस वर्षं ती काम करत होती. तिला नंतर आलेल्या कंपनीच्या नात्याने का ओळखायचं?

खडूफळा

माहिती फार चांगली, पण शिक्षक म्हणून एक शंका विचारतो. शिरोड्याच्या मुलांना केंब्रिजची बाई किती आपली वाटेल? आणि सूत्राचं काय? सातवीला घातांक नुकते येतात. लॉग काढला की मुलं खिडकीबाहेर बघतात, हा माझा अठरा वर्षांचा अनुभव.

कार्डकपाट

खडूफळा सर, आपली वाटेल की नाही ते मानशीवर अवलंबून आहे. मुलांसमोर मानस ठेवा, मग ती बाई मानशीच्या बाजूने उभी आहे हे त्यांना दिसेल.

लॉगची गरज नाही. तिने स्वतः त्या लेखात वजन पूर्णांकांतच मांडलंय, दुपटीच्या पायऱ्यांनी. मी ते माझ्या भाचीला शिडी काढून शिकवलं होतं, तेच देते.

वर्तमानपत्रांतून 64 छोट्या बातम्या काप, प्रत्येक एका चिठ्ठीवर चिकटव. बातम्या तुमच्याच भागातल्या घे. आता जमिनीवर खडूने शिडी काढ. खालच्या पायरीवर 1, मग 2, 4, 8, 16, 32 आणि सगळ्यात वर 64.

एक शब्द घ्यायचा आणि तो किती चिठ्ठ्यांत आला ते मोजायचं. एका चिठ्ठीत चारदा आला तरी ती एकच चिठ्ठी. जो आकडा येईल त्या पायरीवर मुलाने उभं राहायचं. आकडा दोन पायऱ्यांच्या मधला असेल तर वरच्या पायरीवर. तिथून 64 पर्यंत चढायचं, पायऱ्या मोजायच्या, त्यात एक मिळवायचा. हे त्या शब्दाचं वजन.

समजा 'गोवा' 60 चिठ्ठ्यांत आहे. मूल 64 वरच उभं राहील, चढायला काही नाही, वजन 1. 'शेती' 20 चिठ्ठ्यांत: 32 वर उभं, एक पायरी, वजन 2. 'खाजन' 5 चिठ्ठ्यांत: 8 वरून तीन पायऱ्या, वजन 4. 'मानस' 2 चिठ्ठ्यांत: 2 वरून पाच पायऱ्या, वजन 6.

आता माझ्या त्या शेतकऱ्याचा प्रश्न घे. 'गोवा' आणि 'शेती' असलेल्या चिठ्ठीला 1 अधिक 2, म्हणजे 3. 'खाजन' आणि 'मानस' असलेल्या चिठ्ठीला 4 अधिक 6, म्हणजे 10. पूर्वी दोघी दोन-दोन गुणांवर बरोबरीत होत्या. मुलांना आधी बरोबरीचा गोंधळ होऊ दे, चिठ्ठ्यांवरून भांडू दे, मगच शिडी काढ.

आणि शेवटी तपासायला विसरू नको. ज्या मुलाने शब्द मागितला त्याला विचारायचं: वर आलेली चिठ्ठी खरंच तुला हवी होती का? हो-नाही लिहून ठेवायचं. कॅरनचं अर्धं आयुष्य यातच गेलं. रीत चांगली आहे हे बोलून सिद्ध होत नाही. कागद ठरलेले हवेत, प्रश्न ठरलेले हवेत, आणि उत्तर हवं ते आलं का हे माणसाने आधी सांगितलेलं हवं. सगळ्या संशोधकांना वापरता येईल असा एक मोठा सामाईक चाचणीसंग्रह असावा, हा अहवाल तिने एका सहकाऱ्यासोबत 1975 साली लिहिला. अमेरिकेत तसं काही मोठ्या प्रमाणावर सुरू व्हायला 1992 उजाडलं. 1972 च्या लेखातही तिने एकावर भरवसा ठेवला नाही, तीन वेगवेगळ्या संग्रहांवर वजनं लावून पाहिली. प्रत्येकी काही शे कागद, माझ्या कात्रणांपेक्षाही कमी.

रातपाळी_वेर्णे

ताई, पोस्टरची सूचना मागे घेतो. तुमचं म्हणणं पटलं.

एक भर घालतो, कारण तळ्याकाठचीला मुलांपैकी कोणी नक्की विचारेल की मग टीएफ कोणाचं. एकाच कागदात शब्द किती वेळा येतो ते मोजायची कल्पना आयबीएमच्या हान्स पीटर लून यांची, 1957 ची. ती आणि कॅरनचं वजन यांचा गुणाकार करून वापरायची पद्धत अमेरिकेत जेरार्ड सॉल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. म्हणजे सूत्राचे दोन पाय दोन देशांतून आलेत. आणि 1976 साली कॅरनने स्टीव्हन रॉबर्टसनबरोबर पुढचा लेख लिहिला: वाचकाने 'हे उपयोगी, हे नाही' असं सांगितलं तर त्यावरून वजनं कशी बदलायची. त्याच वाटेवर पुढे रॉबर्टसन आणि मंडळींनी बीएम25 हे शोधनिकालांचा क्रम लावायचं सूत्र बांधलं. मी आज दुपारी ज्या यंत्रणेतला बिघाड दुरुस्त केला, तिच्यात तेच आहे.

आणखी एक, मराठीपुरतं. यंत्राला 'खाजन', 'खाजनात', 'खाजनाचा', 'खाजनांना' हे चार वेगळे शब्द दिसतात. चौघे वेगळे मोजले तर प्रत्येक जण विनाकारण दुर्मीळ ठरतो आणि वजन फुगतं. मुलांना मोजायच्या आधी प्रत्यय सोडवायला सांग. इंग्रजीत हे दुखणं बरंच हलकं आहे, आपल्याकडे ते रोजचं.

तळ्याकाठची

परवा रविवारी झालं! सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय घडलं ते लिहिते.

एकोणीस मुलं आली. वीज खरंच गेली, पण चिठ्ठ्या असल्याने काही अडलं नाही. अग्रशाळेच्या ओसरीवर शिडी काढली. 64 बातम्या मी शिरोडा, बोरी, पंचवाडी या बाजूच्या निवडल्या होत्या. 'गोवा' 41 चिठ्ठ्यांत निघाला. जी मुलगी तो शब्द घेऊन आली होती ती 64 वर उभी राहिली आणि चढायला काहीच नाही म्हणून हिरमुसली. 'शाळा' 17. 'कोरगुट' एकाच चिठ्ठीत, त्या मुलाने तळापासून सहा पायऱ्या चढून सात वजन मिळवलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं.

मग 'मानस'. सहा चिठ्ठ्या निघाल्या, वजन 4. मी पुढे जाणार इतक्यात आठवीतला एक मुलगा म्हणाला, बाई, यातल्या चार चिठ्ठ्या खोट्या आहेत. त्याचे आजोबा मानशीवर मासे धरतात. मी विचारलं, खोट्या कशावरून? तो म्हणाला, यात 'मानस व्यक्त केला' असं आहे, आमची मानस कोणी व्यक्त करत नाही. आणि आमची असेल तर 'मानशीचं दार' होतं, 'मानसाचं' होत नाही. कार्डकपाट ताई, तुम्ही सांगितलेला पाट अजून मी काढलाही नव्हता. त्याने स्वतःच सहा चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे केले, शेजारच्या शब्दांवरून. चार आणि दोन. नव्याने शिडी चढलो: सरकारचा मानस 5, पाण्याची मानस 6. त्या क्षणी मी त्यांना 1964 चा प्रबंध सांगितला. केंब्रिज, बौद्ध शिल्पांची इमारत, पंच कार्डं, सगळं. कोणीही खिडकीबाहेर बघत नव्हतं, सर.

हंगामी नोकरीचं सांगितलं तेव्हा मागे बसलेल्या एका मुलीची आई, अंगणवाडीत काम करते ती, म्हणाली, हे परत एकदा सांग. मी परत सांगितलं.

एक प्रश्न मला सुटला नाही. एका सातवीच्या मुलीने विचारलं, जो शब्द एकाही चिठ्ठीत नाही त्याचं वजन किती? शिडीवर शून्याची पायरीच नाही. मी उद्या सांगते म्हणाले. काय सांगू?

कार्डकपाट

तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. त्या मुलाला माझा निरोप दे की दुर्भाटच्या कामाला 2006 साली तो माझ्या शेजारी बसायला हवा होता.

शून्याचं उत्तर: वजन चिठ्ठी वर ओढण्यासाठी असतं. जो शब्द एकाही चिठ्ठीत नाही तो कुणालाच ओढू शकत नाही, म्हणून शोधताना तो बाजूला ठेवायचा. यंत्रही तेच करतं. पण तेवढ्यावर त्या मुलीला गप्प करू नको. आमच्या टेबलावर एक वही असे. वाचकाने मागितलेला आणि आमच्या एकाही कार्डावर नसलेला शब्द त्यात लिहायचा, तारखेसकट. दर तीन महिन्यांनी ती वही उघडून कुठली पुस्तकं, कुठली कात्रणं मिळवायची ते ठरवायचो. तुमच्या वाचनालयात तशी वही सुरू कर आणि ती त्या मुलीच्याच हातात दे.

64 चिठ्ठ्या टाकू नको. कोपऱ्याला भोक पाडून दोऱ्यात ओव, पुढच्या वेळी त्याच लागतील. आणि तिने कुठला शब्द विचारला होता, तो कळव.